नर्सिंगचं रिफ्लेक्शन कसं लिहायचं: ड्युटी संपल्यापासून फाइल परत येईपर्यंत

रिफ्लेक्शन म्हणजे ड्युटीतल्या एका घटनेवर, त्यात आपण काय केलं याचा विचार करून लिहिलेलं, फाइलमध्ये द्यायचं लिखाण. दुसऱ्या वर्षी मी लिहिलेल्या पहिल्या रिफ्लेक्शनवर आमच्या मॅडमनी लाल पेनाने दोनच वाक्यं लिहिली होती: ‘हे कुणीही लिहू शकलं असतं. तू कुठे होतीस?’ मी पानभर इंग्रजी लिहिलं होतं. पेशंटची सेवा करताना खूप आनंद झाला, संवादाचं महत्त्व कळलं, यापुढे मी अधिक काळजी घेईन. व्याकरण बरोबर होतं, अक्षर नीट होतं. पण माझ्या वॉर्डातली आजी त्यात नव्हती, आणि मीही नव्हते.

आता मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रोज नवी मुंबईत जाते-येते. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्युनिअर मुलं-मुली मला फाइल दाखवतात. त्यांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे. मला मात्र जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये चूक क्रमाची दिसते. ‘मी काय शिकले’ हे आधी ठरवलं जातं आणि मग त्याला साजेशी घटना जोडली जाते. २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमानंतर कोर्स आठ सेमिस्टरचा झाला, लिखाणाचं काम दर सेमिस्टरला मागे लागलं, त्यामुळे ही घाई आणखी वाढली. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करत असाल तरी हाच क्रम चालेल.

सुरुवातीलाच वेगळं करा: नर्सेस नोट आणि रिफ्लेक्शन

दोन्ही लिखाणं एकाच ड्युटीतून येतात, म्हणून ती एकमेकांत मिसळतात. नर्सेस नोट पेशंटची असते. ती केस पेपरात राहते, पुढच्या शिफ्टची सिस्टर ती वाचून काम करते, आणि वेळ आली तर कोर्टातही तीच पाहिली जाते. तिथे ‘मला वाटलं’ला जागा नाही. रिफ्लेक्शन तुमचं असतं. तिथे ‘मी’ नसेल तर कागदावर काहीच उरत नाही.

नर्सेस नोट अशी लिहितात: ‘सकाळी १०.२०. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला सलाईनच्या जागेभोवती सूज. कातडी गार आणि ताणलेली. दुखणं १० पैकी ४. सलाईन बंद केली. इन्चार्ज सिस्टरना कळवलं.’ यातलं प्रत्येक वाक्य दुसरी सिस्टर पलंगापाशी जाऊन तपासू शकते. ‘पेशंट बरी आहे’ हे वाक्य तपासता येत नाही.

ही सवय आधी नोटमध्ये लावून घ्या, रिफ्लेक्शनला तिचा फार उपयोग होतो. इन्सुलिनसाठी ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, कारण आकड्याला चिकटलेलं इंग्रजी ‘यू’ शून्यासारखं दिसतं आणि ४चे ४० होतात. पूर्ण आकड्यापुढे दशांश चिन्ह आणि शून्य लावू नका, ५.० घाईत ५० वाचलं जातं. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून सही आणि वेळ घाला. व्हाइटनर लावू नका आणि गिरवून खोडू नका. एका टिंबाने पेशंटला किती फरक पडतो हे एकदा कळलं की शब्दांबद्दलचा निष्काळजीपणा आपोआप कमी होतो.

तपासा: हातातलं वाक्य केस पेपरात शोभेल का? शोभत असेल तर ते रिफ्लेक्शनच्या पहिल्या भागात जाईल. शोभत नसेल तर पुढच्या भागात.

टप्पा १: पोस्टिंगच्या आधी वही तयार करा

युनिफॉर्मच्या खिशात मावेल अशी छोटी डायरी घ्या. प्रोसीजर बुक, लॉगबुक आणि ही डायरी वेगवेगळ्या ठेवा. लॉगबुकवर सह्या घ्यायच्या असतात. तिच्यात मन मोकळं करायला गेलात तर तुम्ही हात राखूनच लिहाल.

डायरी उघडली की डावं पान आणि उजवं पान असं विभागा. डाव्या पानावर फक्त वेळ, जे दिसलं, जे ऐकलं, जे केलं. उजवं पान त्या दिवशी कोरं ठेवायचं. या सगळ्या लेखातलं एकच काही उचलणार असाल तर हे कोरं पान उचला. घटना आणि मत एकाच ओळीत आलं की मत घटनेला आपल्या आकाराचं करून टाकतं. दोन दिवसांनी खरं काय झालं होतं ते आपलं आपल्यालाच सांगता येत नाही.

पेशंटसाठी खूण ठरवा. मी ‘आजी-१’, ‘काका-२’ असं लिहिते. नाव, आयपीडी नंबर, बेड नंबर, फोन, राहत्या सोसायटीचं नाव, यातलं काहीही डायरीत येऊ देऊ नका. ड्युटीत व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप, श्वास) टिपायला चिठ्ठी वापरतोच आपण, त्यावर बेड नंबर असतो. ती चिठ्ठी वॉर्ड सोडण्याआधी फाडून टाका.

टप्पा २: त्याच दिवशी दहा मिनिटं

मी हे परतीच्या गाडीत करते. तुर्भ्याला बसायला जागा मिळाली तर ऐरोली येईपर्यंत डावं पान होतं. तुमचा प्रवास टीएमटी बसचा असेल, रिक्षाचा असेल, तर घरी पोचल्यावर जेवणाआधी करा. जेवल्यावर डोळे मिटतात आणि सकाळी फक्त ‘खूप पेशंट होते’ एवढंच आठवतं.

वाक्यं जुळवू नका. माझ्या एका दिवसाचं डावं पान असं होतं:

८.३० व्हायटल्स सुरू. १२ पेशंट. ९ला राउंड.
८.४० आजी-१. बीपी डाव्या हाताला. उजव्याला सलाईन. उजवा हात चादरीखाली.
आजी: ‘बाय, हात चुरचुरतंय गो.’
मी: ‘बघते हं आजी.’ पुढच्या बेडला गेले.
थेंब मोजले नाहीत.
१०.१५ सिस्टरनी चादर काढली. हात सुजलेला. मला हाक मारली.
१०.२० सलाईन बंद, कॅन्युला काढली, हात उशीवर उंच. डाव्या हाताला नवी.
आजी काही बोलल्या नाहीत.

आठ ओळी. (कॅन्युला म्हणजे शिरेत घातलेली सलाईनची नळी.) यात मी कशी मुलगी आहे याबद्दल एक शब्दही नाही. रिफ्लेक्शन मात्र पुढे याच आठ ओळींवर उभं राहिलं.

सावधान: केस पेपरचा, एक्स-रेचा, जखमेचा फोटो काढून ‘घरी जाऊन लिहीन’ म्हणू नका. चेहरा दिसत नसला तरी काढू नका. आणि गाडीत लिहिताना शेजारचा माणूस वाचतो आहे असं धरूनच लिहा.

टप्पा ३: एकच घटना निवडा

आठवडाभराची पोस्टिंग एका रिफ्लेक्शनमध्ये कोंबायची नसते. ‘मेडिसिन वॉर्डमध्ये मी व्हायटल्स, बेड मेकिंग, राइल्स ट्यूब फीडिंग आणि कॅथेटर केअर शिकले’ ही यादी आहे. तिची जागा लॉगबुकात.

घटना निवडताना मी घड्याळ बघते. जे पंधरा-वीस मिनिटांत सांगता येतं किंवा दोन-तीन वेळांना बांधता येतं, ते निवडा. मोठी घटना शोधत बसू नका. सीपीआर पाहिला म्हणून सगळेच सीपीआरवर लिहितात, आणि त्यात विद्यार्थी भिंतीला टेकून उभा असतो. त्याच दिवशी एखाद्या काकांनी तुमच्या हातून गोळी घ्यायला नकार दिला असेल, एखाद्या नातेवाइकाने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून निघून आला असाल, हेल्थ टॉक देताना समोरच्या बायका एकमेकींकडे बघत असतील. जिथे तुम्ही क्षणभर थबकलात ती जागा निवडा.

तपासा: या घटनेत मी काय केलं, किंवा काय करायचं राहिलं, हे एका क्रियापदात सांगता येतं का? माझं क्रियापद होतं, ‘बघायचं राहिलं’. असं क्रियापद सापडत नसेल तर घटना बदला.

सावधान: घटनेत पेशंटला इजा झाली असेल, चुकीचं औषध गेलं असेल, किंवा जाता जाता वाचलं असेल, तर आधी इन्चार्ज सिस्टर आणि तुमच्या ट्यूटर मॅडमना त्याच वेळी सांगा. हॉस्पिटलच्या पद्धतीप्रमाणे इन्सिडंट फॉर्म भरला जाऊ द्या. डायरीत प्रामाणिकपणे लिहिलं म्हणजे कळवलं असं होत नाही. पेशंटला तुमच्या वहीचा त्या वेळी काही उपयोग नाही.

आणखी एक. तुमच्या समोर पहिला मृत्यू झाला असेल तर त्या रात्री लिहायला बसायची सक्ती स्वतःवर करू नका. सीनिअर सिस्टरशी बोला, घरी बोला. झोप उडाली, जेवण जाईना, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. सबमिशनची तारीख मॅडमना सांगून पुढे ढकलता येते. मी दोन वेळा मागितली आहे.

टप्पा ४: काय झालं ते लिहा

इथून टप्पा ८पर्यंत आपण ग्रॅहॅम गिब्ज यांनी १९८८मध्ये मांडलेल्या चक्राने जातो: घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. तुमच्या कॉलेजात ड्रिस्कॉल यांचे तीन प्रश्न वापरत असतील, काय झालं, त्याचं काय, आता काय, तरी हरकत नाही. आतलं काम तेच आहे.

घटनेचा भाग एकूण लिखाणाच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा नको. त्यात पेशंटचं वय आणि आजार गरजेपुरता येऊ द्या. आजी सत्तरीच्या होत्या, उलट्या-जुलाबांनी आलेल्या, एवढं पुरे. पूर्ण केस हिस्ट्री नको, ती केस स्टडीत लिहिलेली असते.

माझं पहिलं वाक्य होतं, ‘आजींच्या हाताला सूज आल्याचं लक्षात आलं.’ हे वाक्य सुधारायला मला दोन दिवस लागले. कुणाच्या लक्षात आलं? माझ्या नाही. सिस्टरांच्या. मग वाक्य झालं: ‘१०.१५ला सिस्टरांनी चादर बाजूला केली तेव्हा आजींचा हात सुजलेला होता. ८.४०ला आजींनी मला हात चुरचुरतो असं सांगितलं होतं आणि मी तो पाहिला नव्हता.’ मराठीत ‘लक्षात आलं’, ‘करण्यात आलं’, ‘राहून गेलं’ या क्रियापदांआड माणूस सहज लपतो. इंग्रजीतही ‘इट वॉज ऑब्झर्व्ह्ड’ हेच करतं. घटनेच्या भागातली अशी क्रियापदं शोधून प्रत्येकाला ‘कोणी?’ विचारा.

तपासा: तुमच्या मैत्रिणीला, जी त्या वॉर्डात नव्हती, हा भाग वाचायला द्या. तिला पलंग, हात, सलाईन, तुम्ही आणि सिस्टर कुठे उभे होतात हे सांगता आलं पाहिजे.

टप्पा ५: काय वाटलं, आणि केव्हा

सगळ्यात जास्त खोटं इथे लिहिलं जातं, आणि ते बहुतेक वेळा मुद्दाम नसतं. ‘मला वाईट वाटलं’ हे वाक्य सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते आधी येतं.

भावनेला वेळ जोडा. ८.४०ला काय वाटत होतं, १०.१५ला काय, संध्याकाळी काय. माझ्या उजव्या पानावर तिसऱ्या दिवशी हे आलं. ८.४०: घाई, राउंडच्या आत बारा पेशंट व्हायला हवे होते. १०.१५: भीती. आणि ती भीती आजींच्या हाताबद्दल नव्हती, सिस्टर सगळ्यांसमोर ओरडतील याची होती. संध्याकाळी: शरम, कारण आजींनी दुसऱ्यांदा तक्रार केली नव्हती. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं आणि मी ‘बघते’ म्हटलं होतं. त्या माझी वाट बघत होत्या.

मधली भीती लिहायला हात धजत नव्हता. वाटलं, मॅडम म्हणतील ही मुलगी स्वतःचाच विचार करते. मॅडमनी त्याच ओळीखाली बरोबरची खूण केली. ती ओळ लिहिली नसती तर पुढच्या टप्प्यावरची कारणं मला सापडलीच नसती.

सावधान: भावनांचा भाग लांबवू नका. तीन-चार वाक्यं. आणि पेशंटच्या भावना स्वतः ठरवून लिहू नका. ‘आजींना माझ्याबद्दल विश्वास वाटू लागला’ हे आजी बोलल्या असतील तरच लिहा.

टप्पा ६: काय जमलं, काय नाही

हा टप्पा लहान ठेवा. दोन्ही बाजू मात्र लिहा. मी बीपी सलाईन नसलेल्या हाताला घेतलं, ते बरोबर होतं. सिस्टरांनी विचारल्यावर आजींनी आधी सांगितलं होतं हे मी लपवलं नाही, तेही बरोबर. हात पाहिला नाही, थेंब मोजले नाहीत, ‘बघते’ म्हणून परत गेले नाही, हे चुकलं. स्वतःला झोडपत बसणं हे मूल्यमापन नाही. ‘मी चांगली नर्स होऊच शकणार नाही’ या वाक्यातून पुढच्या ड्युटीला काही हाती लागत नाही, ते खोडा.

टप्पा ७: का झालं

खरे गुण इथे आहेत, आणि खरं शिकणंही. मी वाचते त्या फाइलींमध्ये मात्र हा भाग दोन ओळींचा असतो: ‘माझ्याकडून दुर्लक्ष झालं कारण वॉर्डात गर्दी होती.’ गर्दी उद्याही असणार आहे.

दोन कामं करा. पहिलं, ‘का’ विचारत खाली उतरा आणि जे कारण तुमच्या हातात आहे तिथे थांबा. माझं असं झालं:

हात का पाहिला नाही? कारण तो चादरीखाली होता. चादरीखाली असून का उचलला नाही? कारण बीपी डाव्या हाताला घेतलं, त्यामुळे उजव्या हाताशी माझं कामच पडलं नाही. सलाईनच्या हाताला बीपीचा कफ (पट्टा) बांधायचा नाही, हा नियम मी पाळला, आणि तो पाळता पाळता सलाईनचा हातच माझ्या कामातून बाहेर पडला. हे मला आधी कधीच दिसलं नव्हतं. आळस म्हणून सोडून दिलं असतं तर पुढेही दिसलं नसतं.

मग आजींनी सांगितल्यावर तरी का नाही? कारण ‘चुरचुरतंय’ हा शब्द मला किरकोळ वाटला. आमच्या घरी खरचटल्यावर चुरचुरतं, हात भाजीच्या मिरचीने चुरचुरतो. आजी म्हणाल्या असत्या ‘ठणकतोय’, तर मी कदाचित थांबले असते. म्हणजे मी दुखण्याचा अंदाज माझ्या घरातल्या शब्दकोशावरून बांधला आणि आजींना ‘कसं चुरचुरतं, कुठपर्यंत?’ असं एकदाही विचारलं नाही.

दुसरं काम, पुस्तक उघडा. सलाईन शिरेबाहेर ऊतीत झिरपली की जागा सुजते, गार आणि फिकट होते, कातडी ताणते, थेंब मंदावतात. शिरेला सूज आली तर जागा लाल आणि गरम होते, शिरेच्या रेषेत दुखतं, कधी शीर दोरीसारखी हाताला लागते. आजींचं पहिलं होतं. ही दोन चित्रं मी परीक्षेत लिहिली होती आणि गुणही मिळाले होते. वॉर्डात ती आठवायला मला चादर उचलायला हवी होती. थेंबांचंही तसंच. ५०० मिली आठ तासांत द्यायची, सलाईनचा सेट एका मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हे गणित मला पाठ होतं. अर्धं मिनिट उभं राहून मोजलं असतं तर वेग कमी झालाय का, एवढं तरी कळलं असतं.

पुस्तकातलं इथे आणताना उतारे चिकटवू नका. तुमच्या घटनेला जेवढं लागतं तेवढंच घ्या. फ्लेबायटिसचे, म्हणजे शिरेच्या सुजेचे, सगळे प्रकार लिहून पान भरलं तर मॅडमना कळतं, आणि तुमची आजी पुन्हा हरवते.

सावधान: कारणांमध्ये दुसऱ्यांवर ठपका नको. ‘स्टाफ कमी होता’, ‘सिस्टरनी सांगितलं नाही’ हे खरंही असेल. एका वाक्यात परिस्थिती म्हणून लिहा, आणि त्या परिस्थितीत तुमच्या हातात काय होतं तिकडे वळा.

तपासा: तुमची कारणं दुसऱ्या कुणाच्या रिफ्लेक्शनमध्ये तशीच्या तशी चालतील का? चालत असतील तर अजून एक ‘का’ विचारा.

टप्पा ८: निष्कर्ष आणि पुढची कृती

निष्कर्ष एका वाक्यात: मी काय वेगळं करू शकले असते. माझ्यासाठी: ८.४०ला चादर उचलायला दहा सेकंद लागली असती आणि तेवढी माझ्याकडे होती.

कृती लिहिताना केव्हा, कुठे आणि काय, हे तिन्ही असू द्या. ‘यापुढे अधिक काळजी घेईन’ ही कृती नाही. माझी अशी होती: ‘उद्यापासून बीपीचा कफ सोडण्याआधी दुसरा हात बघायचा. सलाईन चालू असेल तर जागा बघायची, बोटांनी गार-गरम तपासायचं, अर्धं मिनिट थेंब मोजायचे. पेशंट दुखतं म्हणाला तर त्याच्याच शब्दात चिठ्ठीवर लिहायचं आणि तिथूनच सिस्टरना सांगायचं. “बघते” म्हणायचं नाही.’

दोनपेक्षा जास्त कृती लिहू नका. पाच लिहिल्या तर तिसऱ्या दिवशी एकही आठवत नाही.

टप्पा ९: आधी मराठीत, मग इंग्रजीत

फाइल इंग्रजीत द्यायची असते, म्हणून आपण इंग्रजीतच विचार करायला बसतो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कळव्यात मराठी शाळेत झालं. पहिली दोन वर्षं मी हेच केलं, आणि मला जेवढी इंग्रजी येत होती तेवढंच मला वाटत होतं असं कागदावर दिसायचं. सॅड, हॅपी, नर्व्हस. त्यापलीकडे माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणून भावनाही नव्हत्या.

आता टप्पा ४ ते ८ मी पूर्ण मराठीत लिहिते. घरी बोलते त्या मराठीत, प्रमाणभाषेची चिंता न करता. मग एक दिवस सोडून त्याचं इंग्रजी करते. वाक्य लांब झालं तर मोडते. एका वाक्यात एक काम. इंग्रजी साधं राहिलं तरी चालतं. ‘शी टोल्ड मी. आय डिड नॉट लुक.’ माझ्या सगळ्या लिखाणात मॅडमना आवडलेली ही दोन वाक्यं आहेत, आणि ती पाचवीतल्या इंग्रजीत आहेत.

पेशंटच्या शब्दांचं भाषांतर मात्र एकदम करू नका. इंग्रजीत आपण सगळ्याला ‘पेन’ लिहितो. मराठीत ठणकतं, चुरचुरतं, कळ येते, आग होते, टोचतं, मुंग्या येतात, जड होतं, भरून येतं, आखडतं, चमक निघते. सर्जिकल वॉर्डात जखम ‘ठणकते’ म्हणणारे काका आणि ‘ओढते’ म्हणणारे काका वेगळं काही सांगत असतात. ठणका लागला म्हटलं की आत पू धरतोय का, हे बघायला हवं. पायाला ‘मुंग्या येतात’ म्हणणाऱ्या मावशींच्या साखरेचा इतिहास विचारायला हवा. प्लॅस्टर बांधलेला माणूस ‘हात जड झालाय, बोटं बधिर वाटतात’ म्हणाला तर बोटांचा रंग आणि हालचाल लगेच बघून कळवायला हवं. हे सगळे ‘पेन’मध्ये विरघळतात. म्हणून आधी पेशंटचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहा, पुढे इंग्रजीत अर्थ सांगा. आमच्या मॅडमनी याला कधी हरकत घेतली नाही. घणसोली-कोपरखैरण्याकडच्या गावठाणातल्या आगरी-कोळी आजी, उत्तर प्रदेशातून आलेले रिक्षावाले काका, मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या ताई, प्रत्येकाचा दुखण्याचा शब्द वेगळा आहे. मी डायरीच्या शेवटच्या चार पानांवर असे शब्द जमवते. शब्द, कोणी वापरला, आणि तपासल्यावर काय निघालं. सध्या साठच्या वर झालेत.

सावधान: सीनिअरची पीडीएफ ग्रुपवर फिरते, तिच्यातली वाक्यं उचलू नका. मोबाइलमधल्या लेखन-साधनांना ‘नर्सिंगचं रिफ्लेक्शन दे’ सांगूनही घेऊ नका. तुमच्या चादरीखालचा हात त्यांनी पाहिलेला नाही. इंग्रजीचं स्पेलिंग तपासायला वापरा, पण त्यातही पेशंटची माहिती टाकू नका.

टप्पा १०: देण्याआधी

मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा. मग पेन घेऊन एवढं बघा:

– नाव, बेड नंबर, हॉस्पिटल, तारीख आणि गाव मिळून पेशंट ओळखू येतोय का? आजार दुर्मीळ असेल तर फक्त आजारावरूनही ओळखू येतो. वय ‘सत्तरीच्या’ असं करा.
– ‘नेहमी’, ‘खूप’, ‘अत्यंत महत्त्वाचं’ हे शब्द किती वेळा आलेत? बहुतेक काढता येतात.
– प्रत्येक भावनेला वेळ आहे का?
– कृती उद्याच्या ड्युटीत करता येण्यासारखी आहे का?
– शेवटी नर्सिंगच्या थोरवीवर परिच्छेद जोडलाय का? तो काढा.

टप्पा ११: फाइल परत आल्यावर

बहुतेक जण गुण बघतात आणि फाइल कपाटात ठेवतात. लाल पेनाची प्रत्येक ओळ डायरीच्या त्याच उजव्या पानावर उतरवा. मग तुमची कृती पुढच्या दोन ड्युट्यांत खरंच झाली का, ते तारखेसह खाली लिहा. नाही झाली तर तेही लिहा, आणि का नाही झाली ते.

माझ्या त्या पानावर खाली तीन नोंदी आहेत. पहिल्या दिवशी: सहा सलाईन, सहाही जागा पाहिल्या. दुसऱ्या दिवशी: पाचपैकी तीन पाहिल्या, राउंड लवकर आला. तिसरी नोंद त्यानंतर आठवड्याने, दुसऱ्या वॉर्डातली: ‘काका-४, कफ सोडायच्या आधी उजवा हात पाहिला. थोडी सूज, गार. थेंब मिनिटाला ९. सिस्टरना ८.५२ला सांगितलं.’